परदेशचीं नातवंडें आणि मॉलचें अंगण

ज्यांचीं मुलें-सुना परदेशीं आहेत अशा वाचकांच्या पत्रांतून एक तक्रार गेलें वर्षभर आम्हांस वारंवार आढळते. ती अशी कीं, सुटीचा दिवस उजाडला म्हणजे चिरंजीव आणि सूनबाई नातवंडांस घेऊन मॉलमध्यें जातात. मोबाईलवर छायाचित्रें येतात तीं तेथलीं, वाढदिवसाचें जेवण तेथें, खेळ तेथें, आणि आजीआजोबा दोन महिने राहावयास गेले तर त्यांचें फिरणेंहि तेथेंच. एका भगिनीनें तर "आमचीं नातवंडें बाजारांतच लहानाचीं मोठीं होत आहेत" असें उद्वेगानें लिहिलें आहे. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, आणि आम्हांसहि तो परका नाहीं. आमचे धाकटे चिरंजीव दहा वर्षें दुबईस नोकरीस आहेत, व त्यांच्या बिऱ्हाडीं राहण्याचा योग आम्हां उभयतांस चार वेळां आला. तेव्हां या महिन्याच्या टिपणांत याच विषयाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, पुण्यास अथवा सांगलीस झोंपाळ्यावर बसून दुबईच्या आईबापांस दोष देणें फार सोपें आहे. तेथील हवा ठाऊक असल्यावांचून निवाडा देऊं नये. उन्हाळ्याच्या दिवसांत तेथें उष्णमान ४० अंशांच्या पलीकडे जातें, आणि समुद्र जवळ असल्यामुळें सायंकाळींहि अंगाला घामाची धार लागलेली असते. १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं १२॥ ते ३ या वेळांत मजुरांकडून उन्हांत काम करून घेण्यास तेथें कायद्यानें मनाई आहे. ज्या हवेंत धट्ट्याकट्ट्या मजुरासहि सावलींत बसविणें सरकारास भाग पडतें, त्या हवेंत सात वर्षांच्या मुलास "जा, बाहेर खेळ" असें कोणती माउली म्हणेल?

बरें, घरांत खेळावें तर घर म्हणजे अठराव्या मजल्यावरील तीन खोल्या. खिडकी उघडली तर वातानुकूलनाचें यंत्र व्यर्थ, म्हणून ती सदा मिटलेली. शेजारी सज्जन असतात. परंतु त्यांचेंहि दार मिटलेलेंच. ओसरी नाहीं, आळी नाहीं, आणि आळींतल्या ज्या चार काकूंच्या नजरेखालीं आपलीं मुलें आपोआप वाढलीं त्या काकूहि नाहींत. अशा स्थितींत थंड, स्वच्छ, निर्भय, आणि आंत शिरण्यास पैसा न पडणारी जागा कोणती, तर मॉल. २०२५ च्या ऑगस्टांत तर दुबईंतील अनेक मॉलांचीं दारें सकाळीं ७ ते १० केवळ चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांसाठीं उघडीं ठेवण्यांत आलीं होतीं. म्हणजे आपल्याकडे जें काम टेकडी करते, तें तेथें दुकानांच्या ओळी करतात. सारांश, मॉल हें त्या कुटुंबांचें व्यसन नव्हे. तें त्यांचें अंगण आहे. मात्र तें अंगण दुसऱ्याच्या मालकीचें आहे, आणि मालकानें तें कोणत्या हेतूनें बांधिलें हें आईबापांनीं विसरूं नये.

हा हेतु समजावा म्हणून मॉलचा जन्म कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. व्हिएन्ना नगरांत १९०३ सालीं जन्मलेला व्हिक्टर ग्रूएन नांवाचा एक वास्तुशिल्पी होता. जातीनें ज्यू असल्यामुळें १९३८ सालीं हिटलरशाहीच्या भयानें तो स्वदेश सोडून अमेरिकेस गेला. अमेरिकेंत प्रत्येक जण आपापल्या मोटारींत बसून एकटा हिंडतो, कोणी कोणास चौकांत भेटत नाहीं, हें पाहून त्यास आपल्या जुन्या नगरांतील चौकांची, उपाहारगृहांची व पायीं फिरण्याची आठवण होत असे. त्यानें मिनेसोटा प्रांतांत एडिना या गांवीं साउथडेल नांवाची इमारत रचिली. ती १९५६ च्या ऑक्टोबरांत उघडली. चारी बाजूंनीं बंद, बाराही महिने एकच सुखकर हवा, मध्यें झाडें व पक्षी, भोंवतीं दुकानें. आजच्या सर्व बंदिस्त मॉलांचें हें मूळ. ग्रूएनच्या मनांत तेथें शाळा, घरें, दवाखाने व उद्यानें असें एक संपूर्ण लहान नगर वसवावयाचें होतें. परंतु दुकानांत पैसा होता आणि उद्यानांत नव्हता. म्हणून दुकानें तेवढीं वाढलीं. पुढें तो व्हिएन्नास परत गेला, तों त्या नगराच्या वेशीपाशींहि एक अवाढव्य मॉल उभा राहिला! उतारवयांत त्यानें या अपत्यांचें पितृत्व उघडपणें नाकारिलें. १९८० सालीं तो वारला. ज्या परागंदा मनुष्यानें आपल्या हरपलेल्या चौकाच्या ओढीनें मॉल रचिला, त्याच मॉलांत आज आपलीं परदेशस्थ मुलें आपला हरपलेला वाडा शोधीत हिंडतात, हा योग विलक्षण खरा.

आतां त्या इमारतीची रचना पाहा. बहुतेक मॉलमध्यें बाहेरचें आकाश दिसेल अशी खिडकी क्वचित्, आणि भिंतीवर घड्याळ त्याहून क्वचित्. सूर्य दिसला नाहीं म्हणजे वेळ कळत नाहीं. वेळ कळली नाहीं म्हणजे घर आठवत नाहीं. सर्वांत मोठीं दुकानें दोन टोंकांस ठेवितात, कीं एकाकडून दुसऱ्याकडे जातांना मधल्या शंभर दुकानांवरून जावें लागावें. खेळणीं व गोड खाऊ हीं बापाच्या डोळ्यांच्या उंचीवर नसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेलीं असतात. सामानाची ढकलगाडीसुद्धां अशीच एक युक्ति. ओक्लाहोमा शहरांतील गोल्डमन नांवाच्या एका दुकानदारानें १९३७ सालीं पाहिलें कीं, हातांतील टोपली जड झाली म्हणजे गिऱ्हाईक खरेदी थांबवितें. म्हणून त्यानें टोपलीस चाकें लाविलीं. आरंभीं लोक ती गाडी ढकलावयास लाजत, तेव्हां पगारी माणसें लावून त्यानें ती दुकानांत फिरवून दाखविली. हात दुखूं लागला म्हणजे पुरे असें सांगणारा जो देहाचाच एक उपदेशक होता, तो त्या दिवसापासून मुका झाला.

हें सर्व आम्ही निषेधाच्या बुद्धीनें सांगत नाहीं. व्यापाऱ्यानें व्यापार करावा हा त्याचा धर्मच आहे. परंतु ही रचना ज्या आईबापांस ठाऊक आहे, त्यांनीं ती मुलांसहि समजावून द्यावी. आमची नात अकरा वर्षांची आहे. तिला आम्हीं एकदां सांगितलें कीं, आज तूं येथें गिऱ्हाईक नव्हेस, परीक्षक आहेस. या दुकानदारानें तुला भुलविण्यासाठीं काय काय केलें आहे तें मोजून सांग. तासाभरांत तिनें चौदा युक्त्या मोजल्या, त्यांतील पांच आमच्याहि ध्यानांत आल्या नव्हत्या. डावपेंच ज्यास ओळखतां येतो, तो सहसा फसत नाहीं.

तथापि मॉलपासून मुलांस खरें भय मोहाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मोह आमच्या लहानपणींहि होता. जत्रेंत लांकडी बैलगाडीसाठीं आम्हीं रस्त्यावर लोळण घेतल्याचें आमच्या मातोश्री सांगत. पण जत्रा वर्षांतून एकदां येई व सूर्यास्ताबरोबर उठे. तिला आरंभ होता तसा शेवटहि होता. मॉल आठवड्यास आहे, आणि त्यास शेवट नाहीं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पेठेंतील वाणी आम्हांस नांवानिशीं ओळखी. गोळ्यांच्या बरणीकडे आम्हीं दोन वेळां पाहिलें तर तो म्हणे, "बाळ, आजोबांस विचारून ये." त्याच्या वहींत आमच्या घराचें खातें होतें, आणि त्याच्या मनांतहि. तो आम्हांस माल विकी, परंतु आमच्यावर नजरहि ठेवी. मॉलमध्यें आमचा नातू शिरतो तेव्हां त्याचें स्वागत हसून होतें, पण तें हास्य त्याच्या बापाच्या खिशास उद्देशून असतें. तो कोणाचा कोण, आज उदास कां आहे, कालच त्याला ताप होता कीं काय, हें कोणी विचारीत नाहीं.

मॉलचा हा स्वभाव आपल्याकडेहि प्रथमपासून दिसून आला आहे. मुंबईंत १९९९ सालीं जो पहिला मोठा मॉल निघाला, तेथें आरंभीं गर्दी आवरण्यासाठीं असा दंडक होता कीं, आंत येणारापाशीं मोबाईल फोन अथवा क्रेडिट कार्ड असावें. नसल्यास प्रवेशाचें शुल्क द्यावें. हा दंडक पुढें मोडला, तरी त्यांत जें बोलून दाखविलें गेलें तें इतरत्र मुकाट्यानें चालूच असतें. ज्याच्यापाशीं पैसा, त्याचीच ओळख. परदेशीं वाढणाऱ्या मुलास आधींच ओळखीचीं माणसें थोडीं. मामा नाहीं, आत्या नाहीं, गल्लींत "हा अमक्याचा नातू" म्हणणारें कोणी नाहीं. त्या मुलाला वर्षानुवर्षें जर एकाच ठिकाणीं किंमत मिळत गेली, आणि तीहि विकत घेणारा म्हणून, तर "मी म्हणजे मीं घेतलेल्या वस्तु" असा त्याचा ग्रह झाल्यास त्याला दोष कसा द्यावा? आमच्या मतें खरें संकट हें आहे.

येथें आम्हांस कठोपनिषदांतील नचिकेत्याचें स्मरण होतें. आपण त्या कथेंतील आत्मविद्येचें महत्त्व सांगतों तें योग्यच. परंतु एका शिक्षकाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती एका मुलासमोर मांडलेल्या दुकानाचीहि कथा आहे. यम त्या बालकापुढें हत्ती, घोडे, सुवर्ण, विस्तीर्ण भूमि, शंभर वर्षें जगणारे पुत्रपौत्र, रथांत बसलेल्या व वाद्यें वाजविणाऱ्या अप्सरा, असें सर्व कांहीं मांडतो आणि म्हणतो, हवें तें माग. बालक तें नाकारितो. कां नाकारूं शकतो? त्याला वस्तु आवडत नव्हत्या म्हणून नव्हे. त्यापाशीं एक प्रश्न होता, आणि त्या प्रश्नापुढें सारें दुकान फिकें पडलें. श्रेय आणि प्रेय यांतील भेद व्याख्यानानें मुलास कळत नाहीं. ज्या मुलापाशीं स्वतःचा असा एखादा प्रश्न, एखादें काम किंवा एखादें माणूस आहे, तें मूल दुकानापुढून सहज निघून जातें. रिकाम्या मुलास दुकान भरून टाकतें. तेव्हां "हें घेऊं नको, तें घेऊं नको" असा धोशा लावण्यापेक्षां मुलास रिकामें पाठवूं नये, हा खरा उपाय.

आमच्या दुसऱ्या मुक्कामांतील एक प्रसंग सांगतों. नातू त्या वेळीं सात वर्षांचा होता. एका मॉलमध्यें त्याच्या हातचें आइसक्रीम फरशीवर पडलें. क्षणार्धांत गणवेष घातलेला एक मनुष्य पोछा घेऊन आला व मुकाट्यानें पुसूं लागला. नातवानें त्याच्याकडे न पाहतां बोट करून म्हटलें, "तिकडेहि पडलें आहे." भिंतीशीं बोलावें तसा तो स्वर होता. आमच्या सौभाग्यवतींस तो फार लागला. त्यांनीं मुलास कांहीं न म्हणतां त्या मनुष्यास हिंदींत विचारलें, "बाबा, गांव कोणतें?" तो तेलंगणांतील निजामाबादकडचा निघाला. त्याचा मुलगा आमच्या नातवाएवढाच, दुसरींत शिकणारा. तो आठ महिन्यांचा असतांना बाप इकडे आला. त्यानंतर दोनच वेळां घरीं जाऊन आला होता. बायकोमुलांस तिकडे आणावयाचें तर तेथील नियमानें बापास दरमहा निदान ४००० दिर्हम, किंवा राहण्याची सोय असल्यास ३००० दिर्हम पगार पाहिजे. आणि त्याचा पगार त्याच्या जवळपासहि नव्हता.

नातू हें सर्व ऐकत होता. त्यानें एकदम विचारलें, "मग तुमचा मुलगा मॉलमध्यें कोणाबरोबर जातो?" तो मनुष्य हसला. म्हणाला, "आमच्या गांवीं मॉल नाहीं. तो आजोबांबरोबर आठवड्याच्या बाजारास जातो." या उत्तरानें आम्ही स्तब्ध झालों. एका मुलास बाप आहे, पण आजोबा व बाजार नाहींत; दुसऱ्यास आजोबा व बाजार आहेत, पण बाप नाहीं; आणि दोघांचीहि उणीव एकाच इमारतीच्या फरशीवर समोरासमोर उभी होती. संयुक्त अरब अमिरातींत ३५ लक्षांहून अधिक हिंदी लोक राहतात. त्यांतील फार मोठा भाग अशा एकट्या बापांचा आहे. आपण आपल्या नातवंडांच्या वियोगाचें दुःख मानतों, तें खरें. पण त्या चकचकीत फरशीमागें याहून मोठे वियोग आहेत, हें आपल्या मुलांस दिसलें पाहिजे.

पुढील शनिवारीं नातवानें त्या मनुष्यास आपण होऊन शोधिलें आणि शाळेंतील चित्रकलेची वही दाखविली. त्यानेंहि मुलाचें नांव विचारून ठेविलें होतें. शेंकडों दुकानांच्या त्या नगरींत आमच्या नातवास नांवानें हाक मारणारा तो पहिला मनुष्य. तेव्हांपासून चिरंजीवांच्या घरीं एक रीत पडली आहे. मॉलमध्यें ज्या कोणाची आपल्यासाठीं तसदी होते, तो झाडणारा असो, द्वारपाल असो कीं वाढपी असो, त्याच्याकडे पाहून नमस्कार करावा आणि जमल्यास दोन शब्द बोलावे. यास पैसा पडत नाहीं. तें दुसऱ्याच्या मालकीचें अंगण मात्र यानें थोडेंसें आपलें होतें.

माणसांप्रमाणें स्थळेंहि डोळसपणें पाहतां येतात. दुबईस इब्न बतूता या नांवाचा एक मॉल २००५ सालीं झाला आहे. इब्न बतूता हा चौदाव्या शतकांतील मोरोक्कोचा प्रवासी. १३२५ सालीं एकविसाव्या वर्षीं घर सोडून निघाला तो पुढें दिल्लीस मुहंमद तुघलकाच्या पदरीं काजी झाला व चीनपर्यंत जाऊन आला. त्याच्या प्रवासावरून त्या मॉलचे सहा भाग केले आहेत: अंदलूसिया, ट्यूनिशिया, मिसर, इराण, हिंदुस्थान व चीन. आमचीं नातवंडें तेथें कितीदां तरी गेलीं होतीं, पण हें नांव मनुष्याचें आहे हेंच त्यांस ठाऊक नव्हतें. हा गृहस्थ आपल्या दौलताबादेस व नंदुरबारासहि येऊन गेला असून मराठ्यांविषयीं त्यानें लिहून ठेविलें आहे, असें सांगतांच दोघांचेहि डोळे विस्फारले. "म्हणजे तो आपल्याकडचा पाहुणा!" असें नात म्हणाली.

त्या मॉलच्या हिंदुस्थान-चौकांत एक भव्य हत्तीघड्याळ उभें आहे. बाराव्या-तेराव्या शतकांतील अल्-जझरी नांवाच्या यंत्रविद्येच्या पंडितानें १२०६ च्या आपल्या ग्रंथांत वर्णिलेल्या यंत्राची ती प्रतिकृति होय. मूळ यंत्रांत हत्तीच्या पोटांतील पाण्यावर तळाशीं छिद्र असलेलें एक भांडें तरंगत असे. तें भरून बुडालें म्हणजे दोऱ्या ओढल्या जाऊन वरचीं चित्रें हालत. आमच्या वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हें आपलें घटिकापात्र! ज्या पात्रावर आपले पूर्वज लग्नाचा मुहूर्त साधीत, तें पात्र अरबांच्या विद्येंत जाऊन हत्तीच्या पोटांत बसलें, आणि त्याची आठवण आज वाळवंटांतील एका मॉलमध्यें उभी आहे. घरीं येऊन आम्हीं एका जुन्या वाटीस बारीक भोंक पाडून ती परातींतील पाण्यांत सोडिली. मुलें सबंध संध्याकाळ घटका मोजीत बसलीं. त्या दिवशीं मॉलमधून त्यांनीं काय आणिलें? कांहीं नाहीं, आणि पुष्कळ कांहीं.

पैशाच्या बाबतींत आमच्या सूनबाईंनीं जी व्यवस्था ठेविली आहे ती अनुकरणीय वाटली, म्हणून सांगतों. प्रत्येक मुलास महिन्याच्या आरंभीं २० दिर्हम रोख मिळतात. कार्डानें दिलेला पैसा मुलास दिसत नाहीं, म्हणून रोखच. तो संपला कीं संपला. रडून वाढत नाहीं आणि उरल्यास आटत नाहीं. दुसरा नियम आठ दिवसांचा. जी वस्तु आवडली ती त्या दिवशीं घ्यावयाची नाहीं. वहींत लिहून ठेवावयाची. आठव्या दिवशीं न विचारतां आठवली, तर तिचा विचार होतो. पुष्कळ वस्तु वहींतच राहतात, आणि जुनी वही वाचतांना मुलें स्वतःच हसतात. मॉलमध्यें जावयाचें तें घरीं जेवून, काम ठरवून, आणि परतण्याची वेळ आधीं बोलून. जत्रेला जसा सूर्यास्त होता, तसा मॉलला घरानें शेवट लावून द्यावा.

आणि हिवाळा आला, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, तेव्हां मॉल सोडून बाहेर पडावें. बर दुबई आणि देरा यांच्या मधून जी खाडी जाते, ती ओलांडण्यास लांकडी होडी असते. तिला अब्रा म्हणतात. भाडें माणशीं १ दिर्हम. वारा, पाणी, डोक्यावरून जाणारे समुद्रपक्षी, आणि पलीकडे हिंग-केशर-लवंगांच्या वासाचा जुना बाजार. तेथला दुकानदार मुलास गांव विचारतो, घासाघीस करतो, आणि एखादा वेलदोडा हातावर ठेवितो. या बाजारांत १९६६ पर्यंत आपलाच रुपया चालत असे. १९५९ पासून तर आखातासाठीं आपल्या रिझर्व्ह बँकेनें निराळ्या नोटा काढल्या होत्या. दिर्हम आला तो १९७३ सालीं. हें ऐकल्यावर नातवास ती खाडी एकदम परकी वाटेनाशी झाली. एक दिर्हमाच्या त्या होडीची आठवण त्यानें वर्षभर काढली. चाळीस दिर्हमांच्या मोटारीची आठ दिवसहि काढली नाहीं.

शेवटीं दोन शब्द आम्हां वडीलधाऱ्यांविषयीं. परदेशच्या आईबापांस दोष देतांना आपण स्वतः काय करतों? जुलै-ऑगस्टांत तीं मुलें सुटीस घरीं येतात. घरांत दहा-बारा माणसें, अंगणांत पाऊस, माळ्यावर जुनीं पुस्तकें, देवघरांत फुलें निवडावयाचीं, स्वयंपाकघरांत मोदकांस हात लावावयाचा. आणि तिसऱ्या दिवशीं काका म्हणतात, "पोरें कंटाळलीं असतील, चला, मॉलमध्यें नेऊन आणूं!" आतां पुण्यासहि मॉलांस तोटा नाहीं. ज्या वस्तूसाठीं तीं मुलें दोन हजार किलोमीटर उडून आलीं, ती वस्तु म्हणजे ओळखीचीं माणसें. आणि आपण त्यांस पुनः अनोळखी दुकानांत नेऊन सोडितों. वाणी पेठेंत अजून आहे. त्याच्याकडे अर्धा किलो गूळ आणावयास त्या मुलास एकदां एकट्यास पाठवून पाहा. "तूं अमक्याचा नातू ना?" हा प्रश्न त्याच्या कानांवर एकदां पडूं द्या.

दूरध्वनीवरचें आपलें बोलणेंहि तपासून पाहण्यासारखें आहे. "आज काय घेतलेंस? तुला काय पाठवूं?" हे आपले दोन ठरीव प्रश्न. प्रेमानेंच विचारतों, परंतु विक्रेताहि मुलास हेच विचारतो. त्याऐवजीं "आज कोण भेटलें?" असें विचारावें. पहिल्या दिवशीं उत्तर "कोणी नाहीं" असें येईल. दुसऱ्या आठवड्यासहि तेंच येईल. तरी विचारीत राहावें. कारण आजीआजोबा हा प्रश्न विचारणार आहेत हें एकदां ठाऊक झालें, म्हणजे मूल मॉलमध्यें शिरतांना दुकानांबरोबर माणसांकडेहि पाहूं लागतें. अठराव्या मजल्यावरील त्या मुलास अंगण देणें आपल्या हातीं नाहीं. त्याची चौकशी करणारें माणूस होणें मात्र प्रत्येक आजीआजोबांच्या हातीं आहे, आणि त्यास विमानाचें तिकीट लागत नाहीं.